कार्डांचा शेजार

४ जून

धाकट्या,

काल विभागाच्या दारावरची पाटी उतरवली. चार स्क्रू होते, त्यातले दोन आधीच गळून पडलेले, त्यामुळे फार वेळ लागला नाही. 'रशियन आणि तौलनिक साहित्य'. शिपायाने विचारलं, बाई, घरी नेता का? मी म्हटलं, नेऊन काय टेबलाच्या पायाखाली घालू? शेवटी त्यानेच नेली. त्याच्या घरी खिडकीचं एक तावदान फुटलंय, तिथे बरोबर बसेल म्हणाला. चौतीस वर्षांच्या नोकरीचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

निरोप समारंभही झाला. प्राचार्यांनी भाषणात मी 'जर्मन भाषेची अखंड सेवा' केल्याचं सांगितलं. मी उठून दुरुस्त करणार होते, पण लोक टाळ्या वाजवत होते, म्हटलं वाजवू देत.

खोली पंधरा तारखेपर्यंत रिकामी करायची आहे. पुस्तकं वाचनालयाने घेतली, म्हणजे तळघरात ढकलली. पण माझी टिपणांची कार्डं मी कुणाच्या हाती देणार नाही. चौदा लाकडी पेट्या तुझ्याकडे पाठवतेय. माझ्या घरात पलंग, टेबल आणि मी एवढंच मावतं. तुझी मागची खोली कोरडी आहे. पेट्या जमिनीपासून वर ठेव, वाळवीवर लक्ष ठेव आणि अधूनमधून झाकणं काढून हवा लागू दे.

नोव्हेंबरात मी येते. तीन महिने तुमच्याकडे बसून पुस्तक लिहून काढते. प्रकाशकाला पुढच्या वर्षअखेरचा शब्द दिलाय. माझं पुस्तक हा आपल्या घरातला जुना विनोद आहे हे मला ठाऊक आहे. तुझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला म्हटलं होतं, दोन वर्षांत हातात देते. आता ती नर्सची नोकरी संपवून घरी बसली तरी पुस्तकाचा पत्ता नाही. पण या खेपेला खरंच. दोन भाषांतल्या कादंबऱ्यांतली माणसं माफी कशी मागतात आणि कशी टाळतात, एवढाच तर विषय. पुस्तक त्या पेट्यांत तयार आहे. पेट्या पोचल्या की कळव.

ताई


१७ जून

ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गुडघा म्हणाला उभ्यानेच घाल.

पेट्या पोचल्या. चौदाच्या चौदा. मागच्या खोलीत फळ्या टाकून त्यावर ओळीने मांडल्यात. एक कबुली मात्र द्यायची आहे. नववी पेटी जिन्यावर हमालाच्या हातून निसटली आणि चाळीस-पन्नास कार्डं पायऱ्यांवर पसरली. आम्ही दोघांनी एकेक वेचून परत घातली, एकही हरवलं नाही. पण कुठलं कुठे होतं ते देव जाणे. फार बिघडलं का गं?

आणि रागावू नकोस, पण वेचताना पाहिलं, तर हा काय कारभार आहे? एक कार्ड रशियन, त्याच्यामागे एक आपल्या भाषेतलं, मग दोन रशियन, मग एक कोरं, मग बसच्या तिकिटावर काहीतरी खरडलेलं. आकडा नाही, खूण नाही, अक्षरांचा क्रम नाही. आमच्या कचेरीत कुणी टपाल असं लावलं असतं ना, तर साहेबाने त्याला स्टुलावर उभं करून सगळ्यांना दाखवलं असतं. तेहतीस वर्षं मी सॉर्टिंगमध्ये काढली. पत्त्यावर नुसतं 'विहिरीजवळ, मोठ्या काकांना मिळे' लिहिलेलं पत्रही योग्य खणात टाकलंय. पण तुझ्या पेट्यांपुढे मी हात टेकले. तुला यात सापडतं तरी कसं?

ही म्हणते, ताईंना विचार, झोप लागते का? मागच्या वेळी आलीस तेव्हा चेहरा ओढलेला वाटला म्हणे. नर्सची नजर, निवृत्त होत नाही.

धाकटा


२६ जून

धाकट्या,

पन्नास कार्डं सांडली म्हणून एवढं तोंड पाडू नकोस. मला सगळं पाठ आहे. डोळे मिटून सांगेन कुठल्या पेटीत कुठलं कार्ड कितवं ते. पेट्या म्हणजे म्हातारीच्या हातची काठी, नसली तरी चालता येतं.

आकडे का नाहीत, तर ती आमच्या विभागाच्या जुन्या सरांची शिकवण. रशियातल्या त्या थंड शहरात सहा वर्षं शिकून मी परत आले, तेव्हा माझ्याकडे व्यवस्थित आकडे टाकलेली तीनशे कार्डं होती. सरांनी ती चाळली आणि खोडरबर हातात दिलं. म्हणाले, कार्डाला आकडा दिला की ते मेलं. ते उद्या दुसरीकडे जाऊन बसणार असेल तर त्याला बसू दे. दोन दिवस मी खोडत बसले होते. तेव्हापासून एकाही कार्डावर आकडा नाही. आता सर नाहीत, त्यांचं खोडरबर मात्र आहे.

पहिल्या वर्षी माझ्या वर्गात बेचाळीस मुलं होती, ठाऊक आहे? तिकडे जाण्याच्या शिष्यवृत्त्या होत्या, कारखान्यांना दुभाषे हवे होते. मग तिकडचं राज्यच मोडलं आणि इथे माझ्या वर्गातले बाक रिकामे झाले. मला यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करायला लावली, मग तेही बंद. शेवटच्या वर्षी दोघं होती. त्यातली एक चुकून आली होती, तिला शेजारच्या खोलीत हिशेबशास्त्राला जायचं होतं. पण लाजून उठली नाही आणि दोन वर्षं शिकली. शेवटच्या दिवशी रडली तीच.

झोप लागते, तिला सांग. चेहरा वयाने ओढला जातो, त्याला इलाज नाही.

तुझा गुडघा कसा आहे? आणि पेट्या पोचल्या की कळव, जीव टांगणीला लागलाय.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खुर्चीत बस, चहा घे, मग वाच.

दोन महिने पत्र नाही म्हणून मला शिव्या घातल्या असशील. कारण होतं. नोव्हेंबरात तू येशील तेव्हा दाखवायचं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तू जाणतेसच.

तुझी कार्डं लावली.

सगळी. नऊ हजार एकशे चार. तू लिहिलंस ना, तुला पाठ आहे, पेट्या नुसता आधार. मग मी म्हटलं आधार तरी धड हवा. आपले लेखक एकीकडे, रशियन एकीकडे. प्रत्येक लेखकाच्या आडनावाप्रमाणे, त्यात पुस्तकाप्रमाणे, त्यात पानाप्रमाणे. आपलं सोपं होतं, ते आठवड्यात झालं. रशियन मात्र नाकी नऊ आले. तुझं पहिल्या वर्षाचं बालबोध पुस्तक माळ्यावर सापडलं. त्यातली तेहतीस अक्षरं मी पाठ केली, बासष्टाव्या वर्षी! हिने स्वयंपाकघरात तक्ता टांगला आणि भाजी चिरताना ही माझी परीक्षा घ्यायची. जे अक्षर उलट्या खुर्चीसारखं दिसतं त्यावर मी चार दिवस अडलो. मग रोज सकाळी आठ ते बारा आणि दुपारी तीन ते सहा, अगदी ड्यूटीसारखं. जुन्या खणांची लाकडी मांडणी भंगारवाल्याकडून शोधून आणली. कोपऱ्यांवर टोचलेल्या गंजक्या टाचण्या, क्लिपा काढून टाकल्या. बसची तिकिटं आणि कोरी कार्डं एका पाकिटात वेगळी ठेवली आहेत, फेकलेली नाहीत. प्रत्येक पेटीवर बाहेरून चिठ्ठी: अमुकपासून तमुकपर्यंत.

आता तू म्हणशील ते कार्ड अर्ध्या मिनिटात काढून देतो. पैज.

तू लहानपणी मला वाचायला शिकवलंस. तुझ्या त्या विद्येचं मला कधी काही कळलं नाही, लोकांना 'माझी बहीण प्रोफेसर' एवढंच सांगत आलो. या सहा आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं, आपणही तिच्या कामाला हात लावला. लवकर ये.

धाकटा


२ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. फार सुबक काम केलंस. एवढे कष्ट घेतलेस त्याबद्दल तुम्हा दोघांचे आभार.

नोव्हेंबरात माझं येणं जमेलसं दिसत नाही. पुस्तकाचं तूर्त लांबणीवर टाकलंय. प्रकाशकाला तसं कळवलं आहे. त्यांची काही हरकत नाही, बहुतेक त्यांना हायसंच वाटलं असेल.

गुडघ्याला जप.

ताई


११ ऑक्टोबर

ताई,

माझ्याकडून काय झालं?

तू 'सुबक' लिहिलंस. हा शब्द तू आयुष्यात याआधी एकदाच मला उद्देशून वापरलायस. तुझी निबंधाची वही मळली होती म्हणून मी साबणाने धुऊन दोरीवर वाळत घातली होती, सात वर्षांचा असताना. शाई सगळी वाहून गेली होती. तू ती कोरी पानं हातात घेतलीस आणि म्हणालीस, फार सुबक धुतलीस. मग आठ दिवस बोलली नाहीस. आईने मध्ये पडून समेट केला. आता आई नाही, त्यामुळे मलाच विचारावं लागतंय.

हिने तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. म्हणाली, ताईंनी जूनमध्ये पेट्या पोचल्याचं उत्तर लिहिलं आणि त्याच पत्रात शेवटी विचारलं, पेट्या पोचल्या की कळव. मी म्हटलं, विसरली असेल, माणूस विसरतो. तिने त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. तिचं असं बोट ठेवणं मला आवडत नाही.

तोंडाला कुलूप लावून बसू नकोस. जे असेल ते लिही.

धाकटा


३० ऑक्टोबर

धाकट्या,

लिहिते. चार वेळा सुरू करून फाडलं, हे पाचवं.

कार्डांवर जे लिहिलंय ते माझं नाही. ते पुस्तकांतून उतरवलेलं आहे, कुणीही उतरवील. माझं एवढंच होतं की कुठल्या कार्डाशेजारी कुठलं कार्ड. तिकडचा एक माणूस आणि इकडचा एक माणूस, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही, त्यांना मी शेजारी बसवलं होतं. कधी त्यांच्यामध्ये कोरं कार्ड, म्हणजे इथे थांब, इथे अजून काही सापडलेलं नाही. बसचं तिकीट म्हणजे इथून विचार वळला. चौतीस वर्षं मी तेवढंच काम केलं, या माणसाला उचलून त्या माणसाजवळ बसवायचं, महिनाभर बघायचं, पटलं नाही तर उठवायचं. पुस्तक त्या क्रमातच होतं. दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. तू आपले एकीकडे आणि रशियन एकीकडे केलेस. तौलनिक साहित्यात मग उरलं काय?

तू म्हणशील, तुला पाठ आहे ना? नाही. ते खोटं होतं. मी मागच्या डिसेंबरातच डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी चित्रं दाखवून नावं विचारली. कंगव्याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते आठवेना, रशियन शब्द आठवला, तो सांगितला. त्यांनी कागदावर फुली मारली. मी म्हटलं, अहो उत्तर बरोबर आहे. ते हसले. पुढच्या खेपेला फुल्या वाढल्या होत्या. त्यांचं म्हणणं, वर्ष-दीड वर्ष बऱ्यापैकी जाईल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून तर मला घाई होती. म्हणून तर पेट्या तळघरात न देता तुझ्याकडे पाठवल्या. माझ्या डोक्यातून जाईल ते पेटीत राहील, एवढा एकच भरवसा होता.

हे तुला जूनमध्येच लिहिलं असतं तर तू कार्डाला बोट लावलं नसतंस. पण मला लाज वाटली. घरातली हुशार मी, विसरायला लागले असं कसं सांगू? डोळे मिटून सांगेन, असा तोरा मिरवला. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास.

चूक तुझी नाही असं लिहिणार नाही. चूक तुझी आहे, तू विचारायला हवं होतंस. आणि चूक माझी आहे. चौतीस वर्षं माफीवर टिपणं काढली, आणि आता कुणी कुणाची मागायची तेच मला ठरवता येत नाही. ऑगस्टमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हा मी तुझा द्वेष केला. खरंच केला, जवळजवळ महिनाभर. आता तो राहिलेला नाही. त्याच्या जागी काही आलेलंही नाही.

डॉक्टरांचं प्राचार्यांना, शेजाऱ्यांना कुणालाही माहीत नाही. तिला मात्र सांग, तिने ओळखलंच आहे.

ताई


१० नोव्हेंबर

ताई,

काय लिहू? करायला गेलो एक आणि तुझी दुसरी वही धुतली.

दोन दिवस मागच्या खोलीत पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, रडून झालं असेल तर कामाला लागा, तुमची तेहतीस वर्षं कशाला होती? तर मी पेट्या पुन्हा उघडल्या. ऐक.

फाटक्या टपालातही कुठलं पत्र कुठल्या थैलीतलं, हे आम्ही काढायचो. कार्डांवर लिहिलेलं मी बघत नाही, कार्डं बघतो. गंजलेल्या टाचण्या मी मूर्खासारख्या काढल्या, पण गंजाचे डाग राहिलेत. एका कार्डाच्या मागे डाग असेल तर दुसऱ्याच्या पुढे त्याच जागी तसाच डाग असणार, म्हणजे ती दोघं शेजारी. चहा सांडलाय तिथे पाच कार्डांवर एकाच आकाराचं तळं आहे, वरच्यावर मोठं, खालच्यावर लहान. शाईचे तीन रंग आहेत. काही कार्डांची कड उन्हाने पिवळी पडलीय, ती पेटीत उंच उभी असणार. असं करत पाच दिवसांत एकोणीस जोड्या लागल्या.

बाकीच्यांसाठी तू हवीस. मी दर आठवड्याला दहा-दहा कार्डांची नक्कल पाठवतो, रशियनसकट, अक्षरं गिरवता येतात मला. तू फक्त लिही, याच्याशेजारी कोण होतं. जेवढं आठवेल तेवढं. नाही आठवलं तर नाही लिही.

माफी नंतर मागतो. आधी हे करू दे.

धाकटा


१५ जानेवारी

धाकट्या,

तुझं रशियन अक्षर माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षा बरं आहे. त्यांना मी पन्नासपैकी तीस द्यायचे, तुला पस्तीस.

आज सकाळ चांगली होती म्हणून भराभर लिहितेय. घड्याळाचं कार्ड तू पाठवलंस ना, ते मला लख्ख आठवलं. एक निवृत्त अधिकारी भावाकडे माफी मागायला जातो. वीस वर्षांचं वैर. पण तोंडातून शब्द फुटत नाही, तेव्हा भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवतो आणि संध्याकाळभर दुरुस्त करत बसतो. त्याच्याशेजारी होतं पेन्सिलीचं कार्ड. आपल्याकडचा बाप, मुलीला मारलेलं असतं, दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून ठेवतो. म्हणजे माफी मागणाऱ्याच्या हाताला काम लागतं, तिकडेही आणि इकडेही. पण खरी गंमत तिसऱ्या कार्डात होती. पुढच्याच प्रकरणात तो भाऊ घड्याळ पुन्हा मुद्दाम बिघडवतो. का, तर हा पुन्हा यावा म्हणून. आणि आपली मुलगी पेन्सिलीची टोकं मोडते. हे शेजारी बसवायला मला अकरा वर्षं लागली होती. एकीचं पुस्तक वाचून झालं होतं आणि दुसऱ्याचं मिळतच नव्हतं.

बघ, हे असं पुस्तक होतं. अशी तीनशे ठिकाणं.

बाकीच्या नऊ कार्डांचं आठवत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठव, कदाचित सकाळ चांगली असेल.

ताई


६ एप्रिल

ताई,

दोनशे बारा जोड्या झाल्या. ही म्हणते, आता माझ्या नखांनाही गंजाचा रंग चढलाय.

तुझी तिन्ही पत्रं समोर ठेवून लिहितोय. घड्याळाचं कार्ड तू जानेवारीत पेन्सिलीशेजारी सांगितलंस. फेब्रुवारीत लिहिलंस, ते विहिरीच्या कार्डाशेजारी होतं. आणि परवाच्या पत्रात म्हणतेस, असलं कार्ड तुझं नाहीच, कुणीतरी मध्ये घुसडलंय. मी ते पेन्सिलीशेजारीच ठेवलंय. तू काहीही लिहिलंस तरी ते आता तिथून हलणार नाही, सांगून ठेवतो.

बाकी कार्डांबद्दलही हल्ली दोन पत्रांत दोन उत्तरं येतात. तुला दुखवायला लिहीत नाही. तू सोडून मी कुणाला विचारू? दोन्ही उत्तरं लिहून ठेवतो आणि पहिलं धरून चालतो.

इकडे ये आता. मागच्या खोलीत टेबल लावलंय. एकटी किती दिवस राहशील?

धाकटा


१९ जून

धाकट्या,

तुझी कार्डं आली, पण या आठवड्यात वेळ नाही. विभागात फार धावपळ आहे.

सोमवारी वर्गावर गेले, तर माझ्या खोलीत कुणी भलतीच माणसं संगणक लावून बसलेली. मी म्हटलं, उठा, दहाचा तास आहे. ती एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी आपला शिपाई आला, भला माणूस. म्हणाला, बाई, विभाग आता नव्या जागेत हलवलाय, चला दाखवतो. हात धरून घेऊन गेला. जागा फारच लहान आहे, एका घरातच थाटलीय म्हण ना. पण खिडकीत पाटी लावलेली दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. अक्षरं आतल्या बाजूने आहेत, ते मात्र चुकलंय, बाहेरून कुणाला कळणार? त्याच्या बायकोने चहा दिला. मुलं कुणी आली नाहीत, सुरुवातीचे दिवस आहेत, येतील. मग तो मला घरापर्यंत सोडायला आला. शिपाई असावा तर असा.

आई कशी आहे? आणि पेट्या पोचल्या की कळव.

ताई


१२ ऑगस्ट

धाकट्या,

एक काम आहे, तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

माझ्या टिपणांच्या पेट्या तुझ्याकडे असतील. मला आज त्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसल्या आणि माझीच मला लाज वाटली. काय तो गोंधळ, एक रशियन, एक आपलं, मग दोन रशियन, मध्येच कोरं कार्ड, बसची तिकिटं. आकडा नाही, खूण नाही. इतकी वर्षं मी असं काम केलं? कुणी पाहिलं तर म्हणेल, ही बाई शिकवायची काय?

तू टपालात होतास, तुला ही विद्या येते. ती सगळी नीट लावून दे. आपले एकीकडे, रशियन एकीकडे, आडनावाप्रमाणे. रशियन अक्षरं फक्त तेहतीस आहेत, तू शिकशील, लहानपणी तुला वाचायला मीच शिकवलं होतं, तू पटकन उचलायचास. माळ्यावर माझं बालबोध पुस्तक असेल. घाई नाही. पण लावून दे, म्हणजे मला पुस्तक लिहायला घेता येईल. आत्ता काहीच सापडत नाही.

सरांना सांगू नकोस, ते खोडरबर घेऊन येतील.

ताई


२० ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. लावून देतो.

आज सकाळीच पहिली पेटी काढली. तीनशे चार जोड्या लागल्या होत्या. ही एकेक जोडी उचलून देते, मी खणांत टाकतो, आपलं इकडे, रशियन तिकडे. ती मध्ये एकदा उठून आत गेली, तोंड धुऊन परत आली. तेहतीस अक्षरं मला येतात. कुठे शिकलो ते विचारू नकोस. सहा आठवडे धर.

घड्याळाचं आणि पेन्सिलीचं कार्ड तेवढं माझ्या खिशात आहे. ते यात धरू नकोस.

महिनाअखेर आम्ही दोघं तुला न्यायला येतोय. शिपायाला कळवलंय, तो तुझं सामान बांधायला येईल. तो म्हणतो, बाईंची पाटीही देऊ का? मी म्हटलं, खिडकीतच राहू दे.

पेट्या सुखरूप पोचल्या आहेत. चौदाच्या चौदा. काळजी करू नकोस.

धाकटा